वन्संचा दगड

प्रिय वन्सं,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तीस वर्षं एका घरात राहिलो, मध्ये फक्त स्वयंपाकघराची भिंत. पत्र कशाला लिहायचं? जे काय सांगायचं ते मी फोडणी टाकता टाकता ओरडून सांगायची आणि तुम्ही ओटीवरून ओरडून उत्तर द्यायचात. आता ओरडून उपयोग नाही, म्हणून लिहिते.

काल माघातली अष्टमी होती आणि काल मी समुद्रात उतरले होते. हो, मीच! तुमची भावजय सुलभा! केसांतलं मीठ अजून गेलेलं नाही, उजव्या गुडघ्याला कालवाच्या शिंपीनं कापलंय, आणि तिथं जे पाहिलं ते घरात कोणाला सांगायची सोय नाही. तुमच्या भावाला सांगितलं. ते काय म्हणाले ते शेवटी लिहिते. आत्ताच लिहिलं तर तुम्ही पत्र अर्धवट टाकून त्यांच्याशी भांडायला याल.

पहिल्यापासून सांगू? तुम्हाला सगळं ठाऊक आहे, कबूल. पण आजवर ही गोष्ट मी फक्त लोकांना हसवायला सांगितली. तुमच्याकडे तोंड करून एकदाही सांगितली नाही.

रोह्याच्या शाळेत तुम्ही प्रयोगशाळेत कामाला होतात. सकाळी कासूहून गाडी धरायची, शाळेत जाऊन स्पिरिटचे दिवे भरायचे, परीक्षानळ्या धुवायच्या आणि कपाटातल्या त्या बरण्या पुसायच्या. एकीत तारामासा, एकीत समुद्रघोडा, आणि मधल्या फळीवर आठ पाय आखडून बसलेला तो अष्टपाद. औषधाच्या पाण्यात राहून सगळे एकाच रंगाचे झालेले, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखे. तुम्ही मला एकदा शाळेच्या गॅदरिंगला नेलं होतंत, तेव्हा मुद्दाम कपाट उघडून दाखवलंत. मी नाकाला पदर लावला.

"सुलभे, जितेपणी ह्याचा रंग कुठला असंल गो?" तुम्ही विचारलंत.

मला काय ठाऊक! मासा मला कालवणात कसा दिसतो तेवढं माहीत. "सरांना विचारा की," मी म्हटलं.

"विचारलं. ते म्हनतात, परीक्षेत येत नाय. बरनीवरच्या चिठ्ठीत नाव हाय, रंग नाय."

तीस वर्षं तुम्ही ती बरणी पुसलीत आणि तीस वर्षं हा एकच प्रश्न अधूनमधून आमच्या जेवणात यायचा. तुमचे भाऊ म्हणायचे, "मालतीचं लग्न झालं असतं तर हे सुचलं नसतं." तुम्ही म्हणायचात, "तुझं झालंय ना? तुला काय सुचलं?" मी ताट घेऊन आत पळायची, कारण हसू आवरायचं नाही.

रिटायर झालात त्या आठवड्यातच तुम्ही पनवेलला गेलात आणि खेळाच्या सामानाच्या दुकानातून ते घेऊन आलात. पाण्याखाली बघायचा काचेचा मुखवटा आणि तोंडात धरून श्वास घ्यायची वाकडी नळी. दुकानदारानं विचारलं म्हणे, नातवासाठी का? तुम्ही म्हणालात, नाय, माझ्यासाठी. त्यानं मग तुम्हाला सगळं समजावलं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थोडं थुंकायचं आणि बोटानं फिरवायचं, हेही सांगितलं.

"शी!" तुम्ही ओटीवर बसून मला सांगत होतात. "तोंडाला लावायच्या वस्तूत थुकायचं? ह्या लोकांना काय सोवळं-ओवळं?"

आणि मग तुम्हीच तोडगा काढलात. कच्चा बटाटा कापून काचेवर घासायचा! कोणीतरी शाळेत आरशाला घासलेला तुम्ही पाहिला होतात. "उपासाला चालतो, मग हितं का चालनार नाय?" तुमचं हे शास्त्र मला आजही कळलेलं नाही, पण वाफ धरायची नाही हे खरं.

कपडे कुठले घालायचे हा पुढचा प्रश्न. साडी फुगून वर येते. सलवारीत पाणी भरतं. शेवटी तुम्ही भावाचा डोलवीच्या कंपनीतला जुना निळा बॉयलर सूट काढलात, पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या असलेला. बाह्या दुमडल्यात, कमरेला माझ्या परकराची नाडी बांधलीत. वन्सं, मी देवाशपथ सांगते, त्या दिवशी मी मोरीत जाऊन हसले.

पहिली परीक्षा गावच्या तळ्यात. काय गर्दी जमली! कोणी म्हणालं, कोण बुडालं? कोणी म्हणालं, मालतीबाईचं मंगळसूत्र पडलं असंल. त्यावर दुसरी म्हणाली, मालतीबाईला कुठलं मंगळसूत्र? तुम्ही पाच मिनिटांनी वर आलात, नळीतून फुर्रकन पाणी उडवलंत आणि शांतपणे म्हणालात, "म्हशीचे पाय दिसले. चार."

दुसरी परीक्षा धरमतरच्या खाडीत. तिथं मालाचे बार्ज जातात-येतात आणि पाण्यात हात घातला तर स्वतःचं कोपर दिसत नाही. मी काठावर चपला धरून उभी. तुम्ही वर आलात.

"काय दिसलं?"

"काळोख."

तरी तुम्ही हरला नाहीत. खाडीकाठच्या बायका अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला कालवं काढायला खडकांवर जातात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तुम्ही हिशेब मांडलात की समुद्र जितका लांब हटेल तितकं जास्त दिसेल. म्हणून आपण चांगली अमावास्या धरून गेलो. रोह्याहून मुरूडकडची एसटी, वाटेत उतरून नारळाच्या वाडीतून चालत, पुढे तो काळा खडकाळ किनारा. समुद्र खरंच लांब गेला होता. आणि खडकांमधल्या खळग्यात पाणी होतं ते तांदळाच्या धुवणासारखं! तुम्ही त्यातसुद्धा तोंड घालून आलात.

दारावर मासळी घेऊन येणारी जानकी आठवते ना? ती अजून येते, आता सुनेला बरोबर आणते. तिला आपण अमावास्येची हकिगत सांगितली तर ती टोपली खाली ठेवून हसली होती.

"बाय, उधानाला कालवां काढाची आसतान. उधानाचा पानी सगला ढवलून टाकतंय. तुमाला बघाचाय ना? मंग भांगाला जावा. सातम-आठमला. तवा पानी गप बसतंय, निवलतंय."

आपण भात आणि वाल पिकवणारी माणसं. पंचांग बघतो ते सणवार आणि लग्नाचे मुहूर्त काढायला. मधल्या अष्टमीला समुद्र गप बसतो हे आपल्याला कोणी सांगावं? तुम्ही मात्र लगेच आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक अष्टमीला पेन्सिलनं गोल केलात. मला वाटलं, ह्यांनी नवीन उपास धरला.

आणि मग ती माघातली अष्टमी आली.

तोच किनारा, दुपारचे बारा, ओहोटी. खडकांच्या कुशीत कमरेएवढं पाणी, आणि त्याचा तळ दिसत होता! मी वरच्या सपाट खडकावर छत्री उघडून बसले. मांडीवर डबा, बाजूला तुमच्या चपला. तुम्ही बटाटा घासलात, नळी तोंडात धरलीत आणि पालथ्या पडून तरंगू लागलात. वरून फक्त बॉयलर सुटाच्या पट्ट्या चमकत होत्या. किनाऱ्यावर फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "कंपनीचं काही इन्स्पेक्शन चाललंय का?" मी म्हटलं, हो.

थोड्या वेळानं तुम्ही उभ्या राहिलात. मुखवटा कपाळावर, डोळे हे एवढे. "सुलभे! ये गो! पटकन ये! हितंच हाय! आठी पाय दिसतायत!"

मी उठले. खरंच उठले हो, एक पाय पाण्यात घातलासुद्धा. तुम्ही मुखवटा काढून माझ्यापुढं धरलात, तोंडातली नळी काढून ती धरलीत. "घाल, घाल. नुस्तं तोंड पान्यात कर. मी हात धरते तुझा."

आणि मी काय म्हटलं? "शी! तुमचं उष्टं नळकांडं मी तोंडात घालू?"

तुमचा हात तसाच पुढे राहिला. नळीतून पाणी ठिबकत होतं. तेवढा एक क्षण. मग तुम्ही म्हणालात, "बरं," आणि मुखवटा परत चढवून पालथ्या झालात. पण तो तिथं राहतोय होय? पुन्हा वर आलात तेव्हा म्हणालात, "गेला. माझ्या डोळ्यांदेखत दगडासारखा झाला. मघा तांबडा होता, मग दगडासारखा."

मी म्हटलं, "मग दगडच असेल की!"

वन्सं, खरं सांगू? उष्ट्याचं निमित्त होतं. मी भ्याले होते. बादलीपलीकडचं पाणी मला जन्मभर जास्तच वाटत आलं. तसं सांगितलं असतं तर तुम्ही हात घट्ट धरला असतात, मला ठाऊक आहे. पण भीती वाटते म्हणायची लाज वाटली आणि उष्टं म्हणायची वाटली नाही. काय अक्कल म्हणायची ही!

पण तुम्हीही कमी नव्हतात हं. स्वतः थुंकीला "शी" म्हणालात ते सोवळं, आणि मी नळीला "शी" म्हटलं तर मनाला लावून घेतलंत! भांडायचं होतं की माझ्याशी. तुम्ही भांडला असतात तर मी रडून कबूल केलं असतं आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं.

त्यानंतर आठ दिवसांनी वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ, सगळी भावकी जमलेली. आणि मी ती गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. बॉयलर सूट, बटाटा, इन्स्पेक्शन, सगळं. शेवटी म्हटलं, "आणि आमच्या वन्संना दिसला कोण? तर दगड!" काय हसले सगळे! तुम्हीही हसलात. मडकं उपडं करता करता तुमचे भाऊ म्हणाले, "मालते, दगडाला पाय किती होते?"

तेव्हापासून 'वन्संचा दगड' हे घरातलं नाव झालं. कोणाची वस्तू हरवली की वन्संचा दगड. कोणी थाप मारली की वन्संचा दगड. तीन पोपट्या मी ती गोष्ट सांगितली. पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, "नाय गो, खरंच होता." दुसऱ्या वेळी नुसत्या हसलात. तिसऱ्या वेळी शेंगा आणायला म्हणून आत गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. माझ्या लक्षात आलं होतं. तरी पुरी केली मी गोष्ट. हसणारी माणसं समोर असली की माझी जीभ थांबत नाही, तुम्हीच म्हणायचात.

मला परत कधी चल म्हणाला नाहीत. अधूनमधून "रोह्याला मैत्रिणीकडं जाऊन येते" म्हणायचात आणि पिशवी घेऊन निघायचात. वन्सं, घरातले कपडे कोण धुवायचं? बॉयलर सुटावरचे मिठाचे पांढरे डाग मला दिसत नव्हते? मैत्रिणीकडं जाऊन कोणाची वेणी ओली होते? एकट्या जात होतात त्या पाण्यात, ह्या वयात! मला रात्री झोप लागायची नाही अष्टमी आली की. पण विचारलं असतं तर "येतेस का?" असं तुम्ही विचारलं असतंत, आणि ते मला नको होतं. म्हणून मी डाग गपचूप घासत राहिले. तुम्ही खोटं बोललात, मी खोटं धुतलं.

मग गेल्या चैत्रात तुम्ही अंथरूण धरलंत. पेणच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं, डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. फार दिवस लागले नाहीत. शेवटी शेवटी नुसती पेज जायची. एका दुपारी मी चमच्यानं पेज भरवत होते. तुम्ही दोन चमचे घेतलेत आणि तोंड फिरवलंत. मीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याच चमच्यानं त्याच वाटीतली उरलेली पेज मी उभ्या उभ्या खाल्ली. माझ्या ध्यानातही आलं नाही.

तुम्ही बघत होतात. अगदी बारीक आवाजात म्हणालात, "आता चालतं व्हय गो उष्टं?"

आणि हसलात! खोडकरच हसलात. मी वाटी घेऊन आत गेले आणि मोरीत बसून रडले. ज्या मोरीत बसून तुमच्या बॉयलर सुटाला हसले होते, तिथंच. तेव्हाच बाहेर येऊन तुमचे पाय धरायला हवे होते. उद्या बोलू म्हटलं. तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर तुमची खोली आवरायला काढली. खुंटीला ती पिशवी. आत मुखवटा, नळी, आणि एक बटाटा, त्याला बोटभर कोंब आलेले. म्हणजे चैत्रातल्या अष्टमीची तयारी करून ठेवली होतीत! बटाटा मी परसात लावला. पावसात कुजला, सांगून टाकते. पण पिशवीत आणखी एक गोष्ट होती. तळाशी, दुकानाच्या प्लास्टिकात, पट्टीसुद्धा न फोडलेली.

दुसरी नळी. नवी कोरी.

कधी आणली होतीत हो? त्या अष्टमीनंतर लगेच? म्हणजे मला उष्टं नको म्हणून दुसरी आणलीत, आणि मी पोपटीला दगडाची गोष्ट सांगितली म्हणून ती तशीच ठेवलीत? तीन पोपट्या झाल्या तरी ती त्या पिशवीत माझी वाट बघत होती आणि मी तुमचे कपडे घासत होते! एकदा तोंडावर फेकून मारायची होती माझ्या. "घे, सोवळ्याची!" म्हणायचं होतं. का नाही म्हणालात?

त्या दिवशी खुंटीखाली बसून मी ठरवलं. ह्या नळीनं मी तोंड पाण्यात घालणार आणि तुमचा तो दगड बघून येणार.

पण मी म्हणजे मी. पावसाळाभर मोरीतल्या प्लास्टिकच्या टबात तोंड बुडवून शिकले. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला, तुमचे भाऊ पेपर टाकून धावत आले आणि टबात डोकं घातलेली बायको बघून दारातच थिजले. "काय गो, जीव देतेस काय? बादलीत?" त्यांना वाटलं, तुमच्या दुःखानं माझं डोकं फिरलं. हळूहळू जमलं. भाद्रपदात दहा श्वास, अश्विनात पन्नास. दिवाळीला तर मी टबात तोंड घालून मनातल्या मनात अख्खी आरती म्हटली!

आणि काल निघालो. हे बरोबर आले, कुरकुरत का होईना. पन्नाशी ओलांडलेल्या बायकोला एकटी कशी सोडणार? रोह्याला एसटी बदलताना तुमची शाळा दिसली. मी खिडकीतून हात केला, ह्यांनी विचारलं, कोणाला? मी म्हटलं, अष्टपादाला.

तोच खडक. हे त्याच सपाट जागी छत्री उघडून बसले, मांडीवर डबा, बाजूला माझ्या चपला. मी तुमचा बॉयलर सूट घातला होता, नाडीसकट. पिशवीतून दोन्ही नळ्या काढल्या. एक नवी, एक तुमची, जिच्या तोंडाशी तुमच्या दातांच्या खुणा आहेत.

मी तुमची घेतली, वन्सं. धुतलीसुद्धा नाही. नवी परत पिशवीत ठेवली. काचेवर मात्र बटाटाच घासला, तुमची शपथ.

पाणी गार होतं. छातीत धडधड इतकी की नळीतून ऐकू येत होती. तुमच्या दातांच्या खुणांत माझे दात बसवले, डोळे मिटले, तोंड पाण्यात घातलं आणि मग डोळे उघडले.

अगं बाई! वन्सं, तुम्ही मला हे का नाही सांगितलंत? सांगितलंत, मी ऐकलं नाही. खाली सगळा खडक जिवंत होता! हिरव्या बटणांची गोधडी अंथरावी तसे इवले इवले जीव, माझी सावली पडली की मिटायचे. केशरी कसलासा लगदा, त्याला भोकं. पट्ट्यापट्ट्यांचे मासे, बोटाएवढे, माझ्या बांगडीला टोचा मारून गेले. एक शंख चालत होता, त्यात भाडेकरू खेकडा. आणि कोळंबी! आयुष्यभर मी कोळंबी सोलली, तिच्या मिशा उपटल्या. जिवंत कोळंबी अशी काचेची असते, तिच्या आरपार दिसतं, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. पुढच्या वेळी जानकीकडून घेताना आधी एक उजेडात धरून बघेन. घेणार मी, पण बघून.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. वरून ह्यांच्या हाका येत होत्या. आणि मग एका फटीच्या तोंडाशी मला रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला. नीट, एका बाजूला सारलेला. मला बाईला लगेच कळलं, हे कोणाचं तरी जेवून उरलेलं आहे! कोणीतरी रोज जेवतं आणि शिंपले दाराबाहेर टाकतं. मी श्वास रोखून थांबले.

ढिगाच्या बाजूचा दगड माझ्याकडे बघत होता.

डोळा होता हो त्याला! आधी तो दगडाच्या रंगाचा, शेवाळासकट. मग बघता बघता तांबूस झाला, कडा उलगडल्या, आणि एक पाय सरकला. दुसरा सरकला. मी मोजले, वन्सं. सहा नक्की दिसले, दोन मी समजून घेतले. मग मी हात हलवला असेन, तो भ्याला, आणि एका झटक्यात पांढराफटक पडला. तुमच्या बरणीतला रंग! तस्साच! तो त्याचा घाबरलेला रंग आहे हो. शाळेच्या कपाटात तीस वर्षं तुम्ही एका घाबरलेल्या जिवाला पुसत होतात. मग पुन्हा दगड. मग फटीत गडप.

म्हणजे खरं सांगत होतात तुम्ही. शब्द अन् शब्द खरा होता.

मी पाण्यातच उभी राहिले आणि ओरडले, "अहो! या लवकर! हितंच हाय! वन्संचा अष्टपाद!" आणि मुखवटा काढून, नळी तोंडातून काढून त्यांच्यापुढं धरली. नळीतून पाणी ठिबकत होतं.

तुमचे बंधुराज छत्रीखालून हलले नाहीत. म्हणाले, "दगड असंल. चल, एसटी चुकंल."

वन्सं, मी आधी हसले, इतकी हसले की खारं पाणी पोटात गेलं. आणि मग मला रडू आलं, कारण तुमचा तो पुढे धरलेला हात कसा दुखला असेल ते तेव्हा कळलं. माफ करा हो मला. उशीर झाला, पण मागते. त्या नळीसाठी, आणि तीन पोपट्यांसाठी.

परतीच्या एसटीत मी ह्यांच्याशी बोलले नाही. कासूला उतरल्यावर ते आपणहून म्हणाले, "मालती पन असंच सांगायची. आधी तांबडा, मग दगड." मग म्हणाले, "तुमी दोघी ठरवून थापा मारता काय?" पण आवाज थोडा बदलला होता, मी ऐकला.

आता तुम्हाला शब्द देते. ह्या पौर्णिमेला वाडीत पोपटी आहे. मडकं उपडं करायच्या आधी मी सगळ्यांसमोर गोष्ट सांगणार, आणि ह्या खेपेला तिचा शेवट खरा सांगणार. हसले तर हसू देत. मग पुढच्या आठवड्यात रोह्याला तुमच्या शाळेत जाणार. हेडबाईंना विचारून त्या बरणीवर एक नवी चिठ्ठी चिकटवणार. माझ्याच अक्षरात: "जितेपणीचा रंग: एक नाही. घाबरला की असा दिसतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्या: मालतीबाई. त्यानंतर त्यांची भावजय." तुमचं नाव आधी, काळजी करू नका.

आणि फाल्गुनातल्या अष्टमीला पेन्सिलीचा गोल करून ठेवलाय. नवी नळी तुमच्या भावासाठी ठेवलीय. त्यांना माझं उष्टं चालायचं नाही, आणि मी त्यांना तीन वर्षं थांबू देणार नाही. तुमची नळी मात्र आता माझी. ती मी कोणाला देणार नाही, आणि धुणार तर मुळीच नाही.

तुमचं उष्टं आवडीनं खाल्लेली,
तुमचीच
सुलभा